ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. निपाणी-बेळगाव भागातील मराठी माणसाने ती म्हण पोलिस ठाण्यालाही लागू करून टाकली आहे. चोरी झाली तरी तो आधी हेडमास्तरांकडे येतो. त्यामुळे अर्जनविशीचे काम आम्हांस अध्यापनाइतकेच करावे लागले आहे.

गेल्या वर्षी एक वृद्ध बाई अशाच आल्या. कागलहून निपाणीस येताना एस.टी.च्या गर्दीत कोणी त्यांच्या गळ्यातील बोरमाळ कापून नेली होती. ठाण्यात कानडीत कागद झाला, अंगठा उठला, बाई घरी परतल्या. तो कागद आम्ही वाचला. कानडीत ‘कळवागिदे’ म्हणजे चोरीस गेली आणि ‘कळेदुहोगिदे’ म्हणजे हरवली. कागदावर दुसरा शब्द होता. हरवल्याची नुसती नोंद होते; चोरीचा गुन्हा दाखल करून तपास करावा लागतो. बाईंना अर्थ सांगताच त्या उसळल्या, “मास्तर, हरवली म्हणून मी कशाला सांगू? दोरा कापलेला हाय की वो!”

लिहिणाऱ्याच्या मनात कपट होते, असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या तरुण शिपायास मराठी येत नाही, आणि आमच्या बाईंस कानडी येत नाही. परंतु कायद्याने ही अडचण पूर्वीच ओळखली आहे. तोंडी फिर्याद लिहून घ्यावी, ती फिर्यादीस वाचून दाखवावी, मगच सही घ्यावी आणि नक्कल विनामूल्य द्यावी, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 154 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही आहे. न समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवणे म्हणजे वाचून दाखवणे नव्हे, असे आम्हांस वाटते. राज्यघटनेचे कलम 350 तर संघराज्यात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडू देते. (उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे ते म्हणत नाही!) नव्या संहितेने सीमेवरच्या माणसाची आणखी एक सोय केली आहे. गुन्हा कागलच्या हद्दीत घडला की निपाणीच्या, या कारणावरून फिर्याद परतवता येत नाही. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 साली सांगितलेच होते. ठाण्याने नकार दिल्यास जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे टपालाने लेखी फिर्याद धाडता येते.

हे ठाऊक असूनही पाय अडखळतो. 6 एप्रिल 1981 रोजी तंबाखूच्या भावासाठी निपाणीस बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि बारा जण मृत्युमुखी पडले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्या दिवसांनंतर खाकी गणवेश दिसला की मोठी माणसे बोलणे थांबवीत. ती सवय आमच्या पिढीने न शिकवता उचलली.

तरीही दुसऱ्या दिवशी बाईंबरोबर आम्ही ठाण्यात गेलो. एक वयस्कर हवालदार पुढे आले. त्यांनी मराठीत सारे विचारले, कागद नव्याने लिहिला आणि एकेक वाक्य मराठीत सांगितले. बाईंनी मध्येच थांबवून मण्यांची संख्या दुरुस्त करविली. हवालदारांनी न कंटाळता ती खोडून लिहिली.

माळ अद्याप सापडलेली नाही. फिर्यादीची नक्कल बाईंच्या ट्रंकेत आहे.