निळ्या शाईची परीक्षा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी वैभव प्राप्त करून दिले. तेथील जुन्या ताडपत्रांवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरीत. काजळी म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, उजेडाने विटतही नाही. फाउंटन पेनची झळझळीत निळी शाई मात्र बहुधा पाण्यात विरघळलेल्या रंजकद्रव्याची असते. म्हणूनच ती निबमधून सहज वाहते. परंतु प्रकाशाने त्या द्रव्याचे रेणू भंगतात. तिची पारख करण्यासाठी कागदावर चार ओळी लिहाव्यात. वाळल्यावर एकीवर पाण्याचा थेंब सोडावा. मग दोन ओळी झाकून कागद काही आठवडे उन्हात ठेवावा. अक्षरे फुटली किंवा उघड्या ओळी फिकटल्या, तर ती शाई रोजच्या पत्रास योग्य, दस्तऐवजास नव्हे.