घर त्यांचे, मर्जी कोणाची?

‘आमच्या पश्चात याचं काय?’ मानसिक आजार असलेल्या प्रौढ मुलामुलींचे आईवडील एकत्र बसले, की गप्पा औषधांपासून सुरू होतात आणि या प्रश्नापाशी येऊन अडतात. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांमध्ये आजाराला तोंड देणाऱ्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि तिला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. शुभंकर सत्तरी ओलांडतात तेव्हा शुभार्थी ऐन चाळिशीत असतो. स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुधा तारुण्यात होते, आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य कोणाच्या तरी घरात काढायचे असते.

अशाच एका प्रश्नाला नाशिकने एकदा उत्तर शोधले आहे. रजनीताई लिमये यांनी 1977 साली येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. अशा मुलींचे मोठेपणी काय, ही चिंता विद्या फडके यांच्या ‘घरकुल’ या निवासी संस्थेने पिंपळगाव बहुला येथे उचलली. केंद्र सरकारचा 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदाही याच गटासाठी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता त्यात येतात, आणि प्रौढांच्या गटनिवासासाठी ‘घरौंदा’ ही योजनाही त्याखाली आखली गेली. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच: ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकमध्ये एकही नाही. तीव्र लक्षणे ओसरल्यावर माणूस घरी परततो. घर नसेल किंवा घराने दार लावून घेतले असेल, तर तो वॉर्डातच वर्षानुवर्षे पडून राहतो. गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना निर्देश दिले. पुढे महाराष्ट्रात अशा लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवल्याचे समोर आले, तेव्हा 2021 मध्ये न्यायालयाने हा प्रकार ताबडतोब थांबवायला सांगितले. माणसाचा नुसता पत्ता बदलणे म्हणजे पुनर्वसन, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. अंमल 2018 पासून. कलम 18 मध्ये उपचारांच्या हक्कातच हाफ-वे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला तात्पुरता निवास) आणि आधारासह निवास यांचा समावेश आहे. घरचे स्वीकारत नाहीत किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही, असे कलम 19 बजावते. कलम 20 तर घराच्या आत शिरते: स्वच्छता, सकस अन्न, खासगीपणा, इच्छा असेल तर स्वतःचे कपडे, स्त्रियांसाठी पाळीच्या काळातील साहित्य, कामाची सक्ती नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला, सक्तीने मुंडण नाही. साखळदंडाला कलम 95 ने पूर्ण बंदी घातली आहे. या बंदीमागे तमिळनाडूतील एरवाडीची आठवण आहे. तेथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या 28 जणांचा अंत झाला.

पण कायद्याची कलमे पाळणारे घर चांगले असेलच, असे मात्र नाही. जेवण वेळेवर, फरशी लखलखीत, गोळ्या मोजून दिलेल्या. आणि तरीही दिवे कधी मालवायचे, चहा कधी प्यायचा, बहिणीला फोन करायचा की नाही, हे सगळे दुसराच कोणी ठरवतो. दर्जाची कसोटी इथे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली ‘क्वालिटीराइट्स’ ही तपासणीपद्धत दिली. राहणीमान, शारीरिक-मानसिक आरोग्य, स्वतःचे निर्णय घेण्याचा अधिकार, छळापासून संरक्षण आणि समाजात स्वतंत्रपणे राहण्याची संधी, असे तिचे पाच भाग आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने ही पद्धत गुजरातमधील सहा सरकारी सेवांमध्ये वापरली गेली. वर्षभराने सेवेचा दर्जा सुधारला होता, कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला होता, आणि आपल्या म्हणण्याला किंमत आहे असे रुग्णांना वाटू लागले होते. त्यासाठी नव्या इमारती बांधाव्या लागल्या नाहीत. कर्मचारी, रुग्ण आणि कुटुंबीय यांचे प्रशिक्षण आणि सेवा सुधारण्याचे आराखडे, यांवर सारा भर होता.

महाराष्ट्रातही अशा कामाची वेगवेगळी रूपे दिसतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानाने रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा दिला. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, उभी केली. ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचीच तळमळ होती. रायगड जिल्ह्यातील कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना गावी पोचवते. या कामासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावी पोचवायला घरच उरले नसेल तर? चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने यावर ‘होम अगेन’ हा मार्ग काढला. साध्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जणी, आणि गरजेप्रमाणे कमीजास्त होणारी मदत. बाजार करणे, स्वयंपाक करणे, शेजाऱ्यांशी कधी मैत्री तर कधी भांडण, देवळात जाणे, जमेल ते काम करणे, हे सगळे त्यांच्या रोजच्या जगण्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शिकेत या उपक्रमाचा आदर्श म्हणून समावेश केला.

छोटे घर आणि मोकळीक एवढ्यावर मात्र भागत नाही. इंग्लंडमधील आधारनिवासांच्या राष्ट्रीय पाहणीत आढळले, की स्वतंत्र घरात एकटे राहून अधूनमधून मदत घेणाऱ्यांच्या जगण्याची गुणवत्ता निवासगृहांत राहणाऱ्यांपेक्षा कमी होती. सोबत हवी, आणि शरीराकडे लक्षही हवे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी जातात, आणि त्याला बहुतेक वेळा हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार असे टाळता येण्याजोगे आजार कारण असतात. काही औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण आणि क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी ठरावीक काळाने तपासाव्या लागतात. ज्या घरात या तपासण्यांची वही नाही, तिथली काळजी अर्धवट आहे.

म्हणून नाशिकच्या शुभंकरांनी एखाद्या निवासाची चौकशी करताना बागेच्या आणि खोल्यांच्या फोटोंवर समाधान मानू नये. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. नोंदणीशिवाय असे केंद्र चालवता येत नाही आणि कायद्याने त्याचे दर तीन वर्षांनी परीक्षण व्हायला हवे. रात्री किती माणसे कामावर असतात, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, फोन आणि भेटी मोकळ्या आहेत का, केलेल्या कामाचे पैसे कोणाच्या हातात जातात, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार कशी करायची, हे विचारावे. आणि तिथे राहणाऱ्यांशी व्यवस्थापकाला बाजूला ठेवून बोलावे. बोलू दिले नाही, तर तेच उत्तर समजावे.

येत्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात रस्ते, घाट आणि पूल यांची आखणी चालू आहे. गर्दीत हरवलेली, वाट चुकलेली किंवा मुद्दाम सोडून दिलेली मनाने आजारी माणसेही अशा मेळ्यात असतात. त्यांना उचलून कुठे न्यायचे, हे आधी ठरवून ठेवणे प्रशासनाच्या हातात आहे. आणि मेळा उठल्यावरही सिडको, इंदिरानगर, नाशिकरोडसारख्या वस्त्यांमध्ये चार-पाच जणांची काही घरे भाड्याने घेऊन चालवणे महापालिका, जिल्हा रुग्णालय आणि स्वयंसेवी संस्थांनी मनावर घेतले तर अशक्य नाही. घर देऊ शकणारे घरमालक आणि शेजार स्वीकारणाऱ्या सोसायट्या यांनी पुढे यावे. ज्यांना आज तातडीने बोलायचे आहे, त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास सुरू आहे.