डिझाइनची मोठी फाइल गिऱ्हाइकाला कशी पाठवावी

व्यापारी बंधूंनो, छापील कापडाचे डिझाइन आता फाइलमधूनच विकले जाते. मीटरभर लांब-रुंद डिझाइनची 300 डीपीआयची, न दाबलेली रंगीत फाइल सुमारे 400 एमबी होते. जीमेलची अटॅचमेंट 25 एमबीवर थांबते. म्हणून मी ती रविवार पेठेतून सुरतेच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडली. फोटो तेथे दाबला जातो. छपाईत बुट्टे फुटले, 40 मीटर कापडाचा भुर्दंड मला पडला. चूक माझीच!

तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून 2 जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी. तेथे 15 जीबी जागा फुकट आहे, पण जीमेलही त्यातच भरते. लिंक त्या गिऱ्हाइकाच्या ई-मेलपुरतीच उघडावी, आणि तीही रक्कम जमा झाल्यावर. पसंतीसाठी छोटा फोटो पुरतो.