दोन लहान मुलांची सहल : नागरी कुटुंबातील श्रमविभागणीचा एक विचार

प्रस्तावना

कुटुंबसंस्थेचा विचार करताना विवाह, वारसा, नातेसंबंध आणि कौटुंबिक संघर्ष या विषयांना अभ्यासकांनी पुष्कळ स्थान दिले आहे. त्या मानाने मुलांची आंघोळ, जेवण, संध्याकाळचा फेरफटका आणि सुट्टीच्या दिवशीची सहल या रोजच्या गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. त्या इतक्या परिचयाच्या असतात की त्यांत अभ्यासण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. वास्तविक, कुटुंबात कोणाचा वेळ कोणासाठी खर्च होतो आणि कोणाच्या थकव्याची दखल घेतली जाते, हे अशाच साध्या प्रसंगांतून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात आई, वडील आणि साधारण सहा वर्षांखालील दोन मुले अशा नागरी कुटुंबाच्या सहलीचा विचार केला आहे. सहल म्हणजे येथे दूरचा प्रवास अभिप्रेत नसून, घरातील सर्वांनी एकत्र बाहेर पडून काही तासांत परत येणे एवढाच मर्यादित अर्थ घेतला आहे. उदाहरणासाठी पुणे शहर निवडले आहे.

दोन अपत्यांचे कुटुंब : बदललेली रचना

भारतात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि पुढे लाल त्रिकोणाच्या चिन्हासह दोन अपत्यांच्या कुटुंबाचा संदेश गावोगावी पोहोचला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता; २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो १.७ पर्यंत खाली आला. म्हणजेच दोन किंवा त्याहून कमी मुले ही आता मराठी कुटुंबाची सर्वसाधारण स्थिती झाली आहे.

मुलांची संख्या घटली तशी मुलांभोवतीच्या मोठ्या माणसांची संख्याही घटली. वाड्यात किंवा चाळीत वाढणाऱ्या मुलाभोवती आजी, आत्या, काकू, शेजारच्या ताई असा मोठा गोतावळा असे. दहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडवीत असे. त्या व्यवस्थेचे दोषही होते. विशेषतः मुलींचे बालपण त्यात खर्ची पडत असे. परंतु मूल सांभाळण्याचे काम अनेक हातांत वाटले जाई. सदनिकेतील चौघांच्या कुटुंबात हे सारे काम दोनच माणसांवर येते आणि त्यांतही ते समान वाटले जातेच असे नाही. दोन मुलांमुळे काम केवळ दुप्पट होते असेही नाही. दोघांच्या भुकेच्या, झोपेच्या आणि रडण्याच्या वेळा वेगळ्या असल्याने आईवडिलांना उसंत मिळणेच कठीण होते.

घराबाहेर पडण्यापूर्वी

सहल पाहणाऱ्याला ती बागेच्या फाटकाशी सुरू होते असे वाटते. प्रत्यक्षात ती आदल्या रात्री स्वयंपाकघरात सुरू झालेली असते. पाण्याच्या बाटल्या, धाकट्यासाठी मऊ भात, थोरल्यासाठी पोळीचा लाडू किंवा राजगिऱ्याची वडी, कपड्यांचे जादा जोड, डायपर, जुना सुती पंचा, टोप्या आणि चालू असलेले औषध एवढे सामान एका पिशवीत भरले जाते. यातील एखादी वस्तू राहिली तर तिची उणीव नेमकी चुकीच्या वेळी भासते.

पिशवी उचलणे आणि पिशवीत काय भरायचे हे लक्षात ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम डोळ्यांना दिसते व ते बहुधा वडील करतात. दुसरे दिसत नाही व ते बहुधा आईकडे असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-उपयोग सर्वेक्षणात घरातील माणसांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. मुले, वृद्ध व आजारी यांच्या सांभाळासाठी हेच प्रमाण अनुक्रमे १३७ व ७५ मिनिटे होते. मिनिटांच्या हिशेबात हातांनी केलेले काम येते. काम करता करता मनात चाललेले नियोजन मात्र सहसा सुटते. सुट्टीच्या दिवशी आई सकाळपासूनच थकलेली का दिसते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या न मोजलेल्या कामात आहे.

दोन वये, दोन गती

सहा वर्षांच्या मुलाला सहलीचे ठिकाण कळते. आगगाडीत बसायचे आहे, असे त्याने मनाशी ठरविलेले असते. अडीच वर्षांच्या मुलाला ठिकाण ही कल्पनाच पुरती कळत नाही. वाटेतला खडा, मुंग्यांची रांग, गळणारा नळ यांपैकी जे समोर येईल तेच त्याचे गंतव्यस्थान असते. थोरल्याला पुढे जायचे असते आणि धाकट्याला तिथेच थांबायचे असते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप आवश्यक असते. दुपारची डुलकी या तासांत धरलेली आहे. ती चुकली की संध्याकाळी धाकट्याचा जो हट्ट दिसतो, तो स्वभावाचा नसून अपुऱ्या झोपेचा असतो.

धाकट्याचे थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, हे महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेने पूर्वीच दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य कोसबाड येथे विस्तारले. तेथे बिया, पाने, शिंपले, खडे हीच मुलांची शैक्षणिक साधने झाली. महागड्या साधनांवाचून, परिसरातील वस्तू हाताळत मूल शिकते हा त्या कार्यातील विचार होता. बागेच्या वाटेवर खडे वेचणारे मूल तेच करीत असते.

थोरल्याची स्थिती अधिक नाजूक असते. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी पहिल्या अपत्याच्या अवस्थेची तुलना सिंहासनावरून दूर झालेल्या राजाशी केली होती. धाकटे भावंड येईपर्यंत घरातील सारे लक्ष त्याचे असते. नंतर 'तू आता मोठा झालास' हे वाक्य त्याच्या वाट्याला येते. वस्तुतः सहा वर्षांचे मूल मोठे नसते. ते केवळ दुसऱ्यापेक्षा मोठे असते.

जोडीचा प्रश्न

दोन मुले आणि दोन पालक बाहेर पडले की आपोआप दोन जोड्या पडतात. धाकटे आईजवळ राहते, कारण त्याला भरवायचे, निजवायचे, स्वच्छ करायचे असते. थोरले वडिलांबरोबर पुढे जाते. ही विभागणी कोणी ठरविलेली नसते. सोयीने ती होते आणि सवयीने टिकते. तिचे परिणाम मात्र चौघांवरही होतात.

पहिला परिणाम आईवर होतो. सहलीतही ती घरचेच काम बाकावर बसून करीत राहते. तिच्यासाठी फक्त जागा बदललेली असते. दुसरा परिणाम वडिलांवर होतो. धाकट्याचे रडणे भुकेचे की झोपेचे हे ओळखण्याची संधीच न मिळाल्याने 'मला ते जमत नाही' हे त्यांचे म्हणणे काही काळाने खरे ठरते. धाकट्याला आईवाचून कोणाजवळ शांत होण्याची सवय लागत नाही. सर्वांत कमी लक्षात येणारा परिणाम थोरल्यावर होतो. त्याच्या वाट्याला आई येते ती लांबून, आणि तीही बहुधा सूचनांच्या रूपात : पळू नकोस, हात धर, त्याला रडवू नकोस.

शासकीय व्यवस्थेतही हीच विभागणी गृहीत धरलेली दिसते. २०१७ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मिळणारी पितृत्व रजा मात्र १५ दिवसांची आहे. बाळंतपणानंतरच्या विश्रांतीची गरज लक्षात घेता मातेची रजा दीर्घ असणे योग्यच आहे. परंतु बाळाची ओळख करून घेण्यास वडिलांना मिळणारा काळ इतका अल्प असेल, तर पुढील काही वर्षांची जोडी तेथेच निश्चित होते.

पुण्यातील एक सकाळ

ही जोडी बदलता येते आणि त्यासाठी फार खर्च लागत नाही, हे पुण्यातील परिचित ठिकाणांच्या आधारे स्पष्ट करता येईल. सारसबाग, तिच्या शेजारचे पेशवे उद्यान आणि बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचल्यापासून या भागात येणेही सोपे झाले आहे. लहान मुलांना तर मेट्रोचा प्रवास हीच अर्धी सहल वाटते.

सारसबागेतील तळ्यातल्या गणपतीला थंडीच्या दिवसांत स्वेटर व कानटोपी घालतात. तो पाहण्याचा आनंद दोन्ही वयांच्या मुलांना सारखाच होतो. पेशवे उद्यानातील प्राणी १९९९ च्या सुमारास कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. तथापि १९५६ मध्ये येथे सुरू झालेल्या 'फुलराणी' या छोट्या आगगाडीने मुलांच्या कित्येक पिढ्यांना फिरवून आणले आहे. येथपर्यंत कुटुंब एकत्र राहू शकते. यानंतर धाकट्याची झोपेची वेळ होते आणि खरा प्रश्न तेथे येतो.

अशा वेळी वडिलांनी धाकट्याला सावलीत घेऊन बसावे आणि आईने थोरल्यासह संग्रहालयात जावे. तेथील तऱ्हेतऱ्हेचे दिवे, कुलपे आणि अडकित्ते पाहताना सहा वर्षांचे मूल असंख्य प्रश्न विचारते आणि त्या तासात त्यांची उत्तरे द्यायला आई पूर्ण मोकळी असते. डॉ. दिनकर केळकर यांनी हा संग्रह बालवयात निवर्तलेल्या आपल्या एकुलत्या एका मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला अर्पण केला, ही गोष्टही तिला मुलाला सांगता येते. इकडे धाकटे प्रारंभी रडेल, परंतु दोन-तीन सहलींनंतर ते वडिलांच्या खांद्यावर झोपू लागते. पुढच्या वेळी पिशवी भरण्याचे काम वडिलांकडे दिल्यास त्यांना विसरलेल्या वस्तूंची किंमतही कळते आणि पुढे ते विसरत नाहीत.

सार्वजनिक सोयींचा प्रश्न

जोडी बदलणे हे केवळ कुटुंबाच्या इच्छेवर अवलंबून नसते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिच्याच नावाने एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभे राहिले. ही सोय स्वागतार्ह आहे. तथापि बाळाचे कपडे बदलण्याची फळी जर असलीच, तर ती बहुधा स्त्रियांच्याच बाजूला असते. त्यामुळे इच्छा असूनही वडिलांना ते काम करता येत नाही. अरुंद व तुटक पदपथांवर बाबागाडी चालत नाही. मूल कडेवर घ्यावे लागते आणि दुसऱ्या हाताने थोरल्याला रहदारीपासून वाचवावे लागते. स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावलीतील बाक आणि सलग पदपथ या चार गोष्टी असल्या, तर एक पालकही दोन मुलांना घेऊन बाहेर पडू शकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ नुसार विश्रांती, खेळ आणि मनोरंजन हा बालकाचा हक्क आहे. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. बाहेर पडणे इतके कष्टाचे झाले की कुटुंब घरीच राहते आणि मुलांच्या हाती मोबाइल येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडद्यासमोर जाणारा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. परंतु पालकांना केवळ हा उपदेश करून भागणार नाही. पडद्याऐवजी मुलांना नेता येईल अशी जवळची जागाही असावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोन लहान मुलांची सहल यशस्वी होणे हे ठिकाणाच्या भव्यतेवर अवलंबून नसते. ती जवळची, अल्प काळाची आणि दुपारच्या झोपेपूर्वी आटोपणारी असावी. तिची तयारी एकाच व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर सोपविलेली नसावी. मुख्य म्हणजे, आई धाकट्याबरोबर आणि वडील थोरल्याबरोबर ही जोडी दर सहलीत थोडा वेळ तरी मोडली जावी. आईला लाभलेला तास, वडिलांना आलेले कौशल्य आणि थोरल्याला परत मिळालेली आई हे तिन्ही लाभ या एकाच बदलातून होतात.

मुले सहा-सात वर्षांच्या आत असण्याचा काळ अल्प असतो. या काळातील सहलींचा तपशील मुले पुढे बहुतांशी विसरतात. परंतु कोणाच्या खांद्यावर झोप येते आणि कोणाला प्रश्न विचारता येतात, हे ती याच काळात शिकतात. मोठेपणी ती आपले घर उभारतात तेव्हा कामाची विभागणी ठरविताना हेच शिक्षण त्यांच्या उपयोगी पडते.