न सापडलेली पाने

माझे आजोबा माझगावच्या गोदीत फिटर होते. त्यांच्या आठवणी मी गेल्या सुट्टीत लिहून घेतल्या आणि बत्तीस पानांचे एक संकेतस्थळ तयार केले. मुखपृष्ठावर फक्त एक चौकट ठेवली: शब्द लिहा, पान उघडेल. मला ते फार सुटसुटीत वाटले. पण तीन महिने गेले तरी गूगलवर मुखपृष्ठाखेरीज एकही पान सापडेना. ऐंशी वर्षांचे आजोबा रोज विचारीत, "आलं का रे?"

आपला समज असा, की आपण विचारताच शोधयंत्र सारे जग धुंडाळते. तसे नाही. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम आधीच पानोपानी फिरून मजकूर गोळा करतो. त्यावरून सूची तयार होते आणि उत्तर त्या सूचीतून मिळते. हा क्रॉलर एका पानावरच्या दुव्यांवरून, म्हणजे लिंकवरून, दुसऱ्या पानावर जातो. चौकटीत नेमका शब्द लिहून आत शिरणे हे सहसा त्याचे काम नव्हे. आमची म्हातारपाखाडी अशीच आहे. गल्लीचे तोंड ठाऊक नसेल, तर आत जुनी घरे आहेत हे वाटसरूला कळतच नाही. माझ्या एकतीस पानांना गल्लीच नव्हती!

ही युक्ती छापील ग्रंथांना जुनीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. त्यात नोंदीखाली 'पहा' म्हणून संबंधित नोंदींची नावे दिलेली असतात. दुवा म्हणजे हेच 'पहा'.

पण दुवा नुसती वाट दाखवीत नाही, वजनही देतो. ब्रिन आणि पेज या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये मांडले, की ज्या पानाकडे अनेक पाने, त्यातही वजनदार पाने, बोट दाखवतात ते महत्त्वाचे मानावे. आज इतरही पुष्कळ गोष्टी पाहतात. तरी हे तत्त्व टिकून आहे. दुव्याचे शब्दही बोलतात. मी आधी सगळीकडे 'पुढे वाचा' लिहिले होते. त्यावरून पुढे काय आहे हे यंत्राला काय कळणार? आता 'गोदीचा भोंगा', 'चाळीतला गणपती' असे लिहिले. मुखपृष्ठावरून विषयांकडे, विषयांवरून आठवणींकडे आणि आठवणींवरून एकमेकींकडे वाटा काढल्या. सर्व पत्त्यांची यादीही दिली. यादीने पत्ते कळतात, पण सूचीत जागा मिळेलच असे नाही.

महिन्याभराने भोंग्याचे पान सापडू लागले. संपाचे अजून नाही. ते चार पायऱ्या आत आहे. त्याचा दुवा आता मुखपृष्ठावर आणतो आहे.