तसबिरीतील छायाचित्रांचे जतन

विसाव्या शतकातील बहुतेक कृष्णधवल कौटुंबिक छायाचित्रांत प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची बनलेली असते आणि हे कण जिलेटिनच्या, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या प्रथिनाच्या, पातळ थरात धरून ठेवलेले असतात. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की या थरावर बुरशी धरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती मर्यादा आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते.

तसबिरीत छायाचित्र थेट काचेला टेकलेले असेल, तर फुगलेले जिलेटिन काचेलाच चिकटते. ते ओढून सोडवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तसे केल्यास प्रतिमेचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून मूळ वस्तू प्रशिक्षित संवर्धकाकडे सोपवणे हाच सुरक्षित मार्ग होय. नवी चौकट करताना मधोमध खिडकी कापलेला आम्लमुक्त पुठ्ठा, म्हणजे कालांतराने आम्ल सोडून कागद पिवळा व ठिसूळ न करणारा पुठ्ठा, मध्ये घातला की काच आणि छायाचित्र यांत हवेची फट राहते.

सर्वाधिक नुकसान मात्र चिकट पानांच्या, हौसेने घेतलेल्या अल्बमांनी केले आहे, कारण त्यांतील गोंद छायाचित्राच्या पाठीत मुरतो आणि पीव्हीसीचे आवरण विघटन पावताना आम्ल सोडते. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत, आणि छायाचित्रातील व्यक्तींची नावे, ती सांगणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच, पाठीमागच्या कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून घ्यावीत.