वंशावळ कोणत्या साच्यात जपावी?

आपले पणजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या जहाजाने या बेटावर आले, याचा शोध मॉरिशसमधील अनेक मराठी कुटुंबे घेतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील आप्रवासी दप्तरात क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, जहाज, गाव व जिल्हा असा तपशील सापडतो. उरलेला घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळतो. परंतु ही सारी माहिती संगणकात कोणत्या साच्यात ठेवावी, याचा विचार आधीच करावयास हवा.

एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमपुरत्या साच्यात ठेवलेली वंशावळ तो प्रोग्रॅम बंद पडला की हाती लागणे कठीण. साध्या मजकुराची फाईल मात्र कोणत्याही संगणकावर उघडते. अट एकच, ती युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ या पद्धतीने साठवावी. जुन्या देवनागरी फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो.

साध्या मजकुराचे साचेही अनेक आहेत. पहिला सीएसव्ही. यात एका व्यक्तीची एक ओळ, आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम. दप्तरातील नोंदी उतरवण्यास हा उत्तम, कारण दप्तरही रकान्यांचेच आहे. मात्र ‘चिपळूण, रत्नागिरी’ असे लिहिले तर एका रकान्याचे दोन होतील. असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. संगणक फ्रेंच पद्धतीवर ठेवलेला असेल तर एक्सेल स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम वापरते, हेही ध्यानी असावे. तारखेचे तसेच. ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुईस बंदरात आले तो दिवस ०२/११/१८३४ असा लिहिला, तर आपण २ नोव्हेंबर वाचू, पण अमेरिकन पद्धतीचा प्रोग्रॅम ११ फेब्रुवारी वाचेल. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे १८३४-११-०२ लिहावे.

पण कुटुंब रकान्यांत मावत नाही. पहिली पत्नी वारल्यावर दुसरा विवाह, दोन्ही आयांची मुले, दोघा भावांना दिलेल्या दोघी बहिणी, हे एका ओळीत कसे लिहिणार? त्यासाठी गेडकॉम हा साचा आहे. तो मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये काढला. यात प्रत्येक व्यक्तीस एक खूण व प्रत्येक कुटुंबास एक खूण मिळते, आणि नाती या खुणांनी जोडली जातात. वंशावळीचे बहुतेक प्रोग्रॅम तो वाचतात. २०२१ च्या सातव्या आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचे असल्याने देवनागरीस धोका नाही. पण अनेक प्रोग्रॅम अजून ५.५.१ ही आधीची आवृत्ती वापरतात, तेव्हा फाईल साठवताना यूटीएफ-८ निवडले आहे ना, हे पाहावे.

जेसन व एक्सएमएल हे साचेही नाती सांभाळू शकतात. परंतु त्यांत कोणत्या गोष्टीला काय म्हणायचे हे ज्याने त्याने ठरवायचे असते. आपण ‘वडील’ लिहिले व चुलत घराने ‘पिता’ लिहिले, तर दोन फाईली आपोआप जुळणार नाहीत. शिवाय जेसनमध्ये एक कंस राहिला तरी प्रोग्रॅम सारी फाईल नाकारतो. घरगुती कामास गेडकॉमच बरा.

तेव्हा दप्तरातील नोंदी सीएसव्हीत व नाती गेडकॉममध्ये ठेवावीत; आप्रवासी क्रमांक दोन्हीकडे लिहावा, म्हणजे सांधा तुटणार नाही. दप्तरातले नाव इंग्रज कारकुनाने लिहिले तसेच, न सुधारता एका रकान्यात ठेवावे आणि घरात रूढ असलेले देवनागरी रूप दुसऱ्यात. मूळ स्पेलिंग बदलले तर पुढच्या शोधकाला तीच नोंद पुन्हा सापडणार नाही. सोबत एका छोट्या फाईलीत कोणता रकाना कशाचा व कोणती गोष्ट कोणी सांगितली, हे साध्या भाषेत लिहावे, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या नातलगाच्या घरी द्यावी.

दप्तराची पाने मोकाला सुरक्षित आहेत. आजीच्या आठवणीतील नावांना मात्र दुसरे दप्तर नाही. ती आधी लिहून घ्यावीत.